सात नंबरची हजेरी

हजेरी नंबरानं घ्यायची हा माझाच हट्ट होता. बाकीच्या पालकांना ते तुरुंगासारखं वाटायचं. एक बाबा तर मला तोंडावर म्हणाले होते, "ताई, पोरांना नावं आहेत हो." असतील. पण माझ्या पुण्याच्या शाळेत बाई नंबरानंच हजेरी घ्यायच्या, आणि त्यामुळे मुलांचे एक ते बारा आकडे तरी पक्के होतील असं मी सगळ्यांना सांगत असे. खरं कारण वेगळं होतं. मला 'हजर' हा शब्द हवा होता. मूल दीड तास मराठीच्या वर्गात बसून दुसरं काही बोललं नाही तरी हा एक शब्द त्याच्या तोंडून दर रविवारी निघालाच पाहिजे. जो म्हणणार नाही तो समोर बसलेला असला तरी माझ्या वहीत गैरहजर.

सात नंबर माझ्या मुलीचा होता, आणि ती 'हजर' म्हणत नसे.

ती तेव्हा नऊ वर्षांची होती. मराठी तिला सगळं कळायचं. फ्रिजमधून कोथिंबीर काढ म्हटलं की कोथिंबीरच काढायची, पुदिना नाही. मी आणि तिचा बाबा स्वयंपाकघरात हळू आवाजात काही बोलायला लागलो की बाहेरच्या खोलीत तिचा आयपॅड गप्प व्हायचा. पण उत्तर इंग्रजीतच. हजेरीला तर तेही नाही. मूग गिळून बसायची. घरी विचारलं की म्हणायची, "आय वॉज राइट देअर, मम. यू कॅन सी मी." मी तुला दिसतेय, मग विचारतेस कशाला? यावर मी आवाज चढवायचे.

मी हॉस्पिटलमध्ये फार्मसिस्ट आहे. माणूस समोर उभा असला, त्याला मी गेली पाच वर्षं ओळखत असले, तरी त्याच्याच तोंडून नाव आणि जन्मतारीख ऐकल्याशिवाय औषध हातात द्यायचं नाही, असा आमचा नियम आहे. माणूस दिसणं आणि माणसानं 'मी आहे' म्हणणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला कामावर रोज पटायचं. नऊ वर्षांच्या पोरीला ते कसं पटवायचं, हे मात्र मला आलं नाही.

वर्ग इथल्या अवोन्डेल नावाच्या उपनगरातल्या एका जुन्या हॉलमध्ये भरायचा. सकाळचा बाजार उठला की रस्त्यावर कोबीची पानं आणि फुटकी खोकी पडलेली असायची, आणि आम्ही दीड वाजता कुलूप काढायचो. हॉलच्या मधोमध घडीची भिंत होती, ओढली की दोन खोल्या व्हायच्या. ती जमिनीपर्यंत पोचत नसे. खाली चार बोटं फट राहायची, आणि तिथून पलीकडचा गार वारा आमच्या पायांवर यायचा. पलीकडच्या खोलीत दोन वाजता अरबीचा वर्ग सुरू व्हायचा.

अरबीच्या बाई मूळच्या इराकमधल्या, मोसूलच्या. माझ्यापेक्षा चारपाच वर्षांनी मोठ्या असतील. मोडक्या पाठीच्या खुर्च्या, न उघडणारी खिडकी आणि इंग्रजीत उत्तरं देणारी पोरं, एवढं आमच्यात समान होतं, आणि मैत्री व्हायला तेवढं पुरलं. आमचा वर्ग सुटला की मी कधीकधी त्यांच्या दारात उभं राहून दोन शब्द बोलायचे, अर्थात इंग्रजीत. त्यांची पोरंही आमच्यासारखीच. "कळतं सगळं," त्या म्हणायच्या, "पण बोलायचं म्हटलं की जिभेला गाठ." पालथ्या घड्यावर पाणी, असं मी त्यांना मराठीत सांगून मग समजावून सांगितलं होतं, आणि त्या बराच वेळ हसल्या होत्या. त्यांची म्हातारी आई कोपऱ्यात शाल पांघरून बसलेली असे. आजी कोणाशी बोलत नसत. मीही त्यांच्याकडे नीट कधी पाहिलं नव्हतं.

मे महिन्यातला एक रविवार होता, म्हणजे इथल्या थंडीची सुरुवात. बाहेर भुरभुर पाऊस, खोलीत ओल्या जॅकेटांचा वास. मी हजेरी घेत होते. पाच, हजर. सहा, हजर.

"सात."

माझी मुलगी नेहमीप्रमाणे खिडकीबाहेर बघत होती. मी पेन्सिलीनं 'गै' लिहायला घेतलं, आणि भिंतीपलीकडून आवाज आला.

"हजर."

आवाज बारीक होता, लहान मुलीचा असतो तसा. शब्दाच्या आधी अर्धा श्वास घेतल्यासारखं काहीतरी ऐकू आलं, आणि मग शब्द. मुलं फिस्सकन हसली. मला वाटलं, अरबीच्या वर्गातलं एखादं कार्टं लवकर आलंय आणि चेष्टा करतंय. मी भिंतीकडे बघून "कोण आहे रे तिकडे?" असं चक्क मराठीत ओरडले. पलीकडे काहीच हाललं नाही.

"आठ," मी म्हटलं, आणि पुढे गेले.

पुढच्या रविवारी मी ते विसरलेही होते. सात म्हटलं, आणि पुन्हा तोच अर्धा श्वास, तोच शब्द. या वेळी कोणी हसलं नाही. तिसऱ्या रविवारी सात नंबर यायच्या आधीच बारा पोरं भिंतीकडे तोंड करून बसलेली होती. माझी मुलगीसुद्धा.

सहाला नाही, आठला नाही. फक्त सातला.

मी घाबरट नाही. रात्रपाळीत शवागाराच्या पॅसेजमधून एकटी चालत जाणारी बाई आहे मी. पण त्या दिवशी मी मुलांना 'माझे कुटुंब' यावर पाच ओळी लिहायला सांगितल्या, बाहेर पडले आणि पलीकडच्या खोलीच्या दारापाशी गेले. दाराला काचेची उभी पट्टी होती. त्या बाजूच्या खिडकीवर जाड पडदा ओढलेला असायचा, आत मिट्ट काळोख. त्या हॉलमधले दिवे माणूस चालला-फिरला की आपोआप लागतात आणि पाचेक मिनिटं कोणी जागेवरून हाललं नाही की विझतात. काळोख आहे म्हणजे आत कोणी नाही. दार ढकललं तर ते लावलेलं होतं.

परत आल्यावर मुलांची नजर चुकवून मी पेन्सिल खाली पाडली, आणि ती उचलायच्या निमित्तानं वाकून फटीतून पाहिलं. आमच्याकडचा उजेड पलीकडे हातभर गेला होता. भिंतीला लागून एक खुर्ची होती. खुर्चीचे चार पाय दिसत होते. माणसाचे पाय नव्हते.

 मी पेन्सिल उचलली आणि उगाचच सगळ्यांना बाराखडी म्हणायला लावली.

तीन वाजता वर्ग सुटल्यावर मी अरबीच्या बाईंना गाठलं. "दोनच्या आधी तुमच्या खोलीत कोण असतं?" असं विचारलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मुलांच्या वह्या गोळा करत म्हणाल्या, "कोणी नाही. आम्ही दोनला येतो." मग एकदम मान वर करून विचारलं, "का? कोणी तक्रार केली?" मी नाही म्हटलं. खरं तर मला तेव्हाच कळायला हवं होतं. कोणी नसतं तर तक्रार कसली?

पालकांत चर्चा व्हायला वेळ लागला नाही. एका बाबांनी, ते कॉम्प्युटरवाले, प्रतिध्वनी कसा उठतो ते मला दहा मिनिटं समजावलं. फक्त 'सात' म्हटल्यावर 'हजर' असा प्रतिध्वनी कसा येतो, ते काही त्यांना सांगता आलं नाही. एक आई हळूच म्हणाली, जागा बदलूया का. अकरा नंबरचा मोठा मुलगा सगळ्यांना सांगत फिरत होता की भूत मराठी शिकतंय आणि आपल्यापेक्षा हेप्स, म्हणजे कितीतरी, चांगलं बोलतंय. आणि मी? मी काय केलं, तर दर रविवारी सात नंबर पुकारत राहिले.  वहीत मुलीच्या नंबरासमोर मात्र 'गै'च लिहायचे. भूत बोललं म्हणून पोरीची हजेरी लावायची नाही, एवढी शिस्त माझ्यात होती.

एकदा गाडीत मी तिला म्हटलं, "बघ, भिंतसुद्धा हजर म्हणते. तुला काय होतं?"

तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "इट्स नॉट द वॉल." आणि सीटबेल्टशी खेळत राहिली.

जूनच्या शेवटच्या रविवारी मी एकटीच लवकर गेले होते. मुलीला तिचा बाबा नंतर आणणार होता. फळ्याचे मार्कर सापडेनात, म्हणून पलीकडच्या खोलीचं दार सहज ढकललं. त्या दिवशी ते उघडं होतं. मी एक पाऊल आत टाकलं आणि दिवे लागले.

भिंतीला लागून, हीटरच्या शेजारच्या खुर्चीवर अरबीच्या बाईंची आई बसल्या होत्या. दोन्ही पाय वर घेऊन, मांडी घालून, अंगावर तपकिरी शाल. दिवे लागले तरी त्यांनी डोळे मिचकावले नाहीत. किती वेळ त्या काळोखात तशा न हालता बसल्या होत्या कोणास ठाऊक. मी "सलाम" म्हटलं, "हॅलो" म्हटलं. त्यांची नजर माझ्यावर होती पण माझ्यापाशी थांबत नव्हती, मागे कुठेतरी जात होती.

मी तेव्हा जे केलं ते शहाण्या माणसानं केलं नसतं. मी दारापाशीच उभी राहिले आणि वर्गात म्हणते तशा आवाजात म्हटलं, "सात."

म्हातारी एकदम ताठ झाली. पाठीचा बाक गेला. शालीतून उजवा हात बाहेर आला आणि पहिलं बोट वर झालं, अगदी सरळ, कानाच्या बाजूला. चेहरा तोच, सुरकुतलेला, पण त्यावर शाळेतल्या पोरीची घाई होती. आपला नंबर चुकेल अशी. अर्धा श्वास घेतला, आणि त्या लहान मुलीच्या आवाजात ती म्हणाली, "हजर." मग बोट खाली आलं, पाठ वाकली, आणि खुर्चीत पुन्हा कोणी नसल्यासारखं झालं.

माझ्या मागे अरबीच्या बाई उभ्या होत्या. दार लावायचं राहिलं हे वाटेत आठवून त्या परत आल्या होत्या. त्यांनी मला पाहिलं होतं, आवाज मात्र ऐकला नव्हता. त्या आधी चिडल्या, मग रडकुंडीला आल्या. दर रविवारी सव्वा वाजता त्या मागच्या दारानं आईला आणून हीटरपाशी बसवायच्या, बाहेरून दार लावायच्या आणि चार मुलांना त्यांच्या घरून आणायला जायच्या, कारण त्यांचे आईबाप रविवारीही कामावर असायचे. पाऊणएक तास. "इथे कोणाला कळलं तर म्हणतील, म्हातारीला कोंडून ठेवते. कृपा करून कोणाला सांगू नका." त्या पुन्हा पुन्हा तेच म्हणत होत्या.

"त्या माझ्या हजेरीला उत्तर देतात," मी म्हटलं.

"माझी आई बोलत नाही," त्या म्हणाल्या. "दोन वर्षं झाली. शेवटचं काय बोलली तेही मला आठवत नाही, कारण ते शेवटचं आहे हे मला तेव्हा माहीत नव्हतं. तुम्ही तिला काय म्हणालात?"

"नंबर. सात. आमच्या भाषेत."

"पुन्हा म्हणा."

मी म्हटलं. अरबीच्या बाई जवळच्या बाकावर बसल्या. त्यांच्या आईचं नाव मी इथे लिहिणार नाही. एवढंच सांगते की ते छोटं आहे, सुरुवातीला स, शेवटी द, आणि मध्ये घशातून काढलेला एक आवाज आहे जो मला अजूनही जमत नाही. भिंतीपलीकडून आलेलं माझं 'सात' आणि ते नाव वेगळं ओळखायला तरुण कान लागले असते.

"आणि तिनं काय म्हटलं?"

"हजर. म्हणजे, मी आहे."

"तो आमचा शब्द आहे," बाई म्हणाल्या.

आमचा शब्द फारसीतून आला, असं शाळेत सांगितलं होतं. फारसीत तो कुठून आला, हे विचारायचं मला कधी सुचलं नव्हतं. त्यांच्याकडे शाळेत हजेरीला हेच म्हणतात. त्यांची आई बाराव्या वर्षापर्यंत शाळेत गेली, मग लग्न झालं आणि शाळा सुटली. म्हणजे दीडएक महिना दर रविवारी मी एका बारा वर्षांच्या मुलीला तिच्या नावानं पुकारत होते, आणि ती इमानानं उत्तर देत होती. हे कळल्यावर माझी भीती जायला हवी होती. ती गेली नाही, उलट वाढली.

बाईंना फक्त एकच हवं होतं. आईचा आवाज एकदा ऐकायचा. त्यांनी तिथल्या तिथे मला म्हणायला सांगितलं. मी दोनदा म्हटलं. पण आता खोलीत माणसं होती, रडणं-बोलणं होऊन गेलं होतं, आणि म्हातारीनं बोट हालवलं नाही. तेव्हा ठरलं की पुढच्या रविवारी मुलांना दुसरं कोणी आणेल, बाई आईजवळ काळोखात बसून राहतील, आणि मी पलीकडून नेहमीसारखी हजेरी घेईन. एकपासून. काहीही न बदलता.

शनिवारी संध्याकाळी पोळ्या लाटताना मी नवऱ्याला हे सगळं सांगत होते. म्हणजे, आधी कधीतरी सगळं सांगून झालं होतं. त्या दिवशी नुसतीच धास्ती बोलून दाखवत होते. "उद्या सगळं सातवर आहे. उद्या सात बोलली पाहिजे रे. नाही बोलली तर त्या बाईंना मी काय तोंड दाखवू?" असं मी म्हटल्याचं मला शब्दन्‌शब्द आठवतं. बाहेरच्या खोलीत आयपॅड गप्प झाला होता. तेही मला आठवतं, पण नंतर.

मुलीला गप्प राहा असं सांगून ठेवावं, हे माझ्या मनात आलं होतं. मग वाटलं, तिला काय सांगायचं? ती कधी बोलली आहे?

रविवारी गाडीत ती पुटपुटत होती. मला वाटलं, शाळेतलं गाणं असेल.

मी हजेरीला उभी राहिले तेव्हा फटीपलीकडे काळोख होता. म्हणजे बाई पाच मिनिटांहून जास्त वेळ जागेवरून न हालता बसल्या होत्या. एक, हजर. दोन, हजर. माझा आवाज मलाच परका वाटत होता. सहा, हजर.

"सात."

"हजर!"

पहिल्या रांगेतून. स्वच्छ, मोठ्यानं, हात वर करून. माझी मुलगी कानापर्यंत लाल झाली होती आणि थेट माझ्याकडे बघत होती.

खरं सांगायचं तर त्या क्षणी मला पलीकडचं काहीही आठवलं नाही. मला आनंद झाला. तोंडातून "शाब्बास!" निघून गेलं. अकरा पोरांनी टाळ्या वाजवल्या, कोणीतरी शिट्टी मारली, आणि त्या गोंगाटात मला आठवलं. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. मी हातानं सगळ्यांना गप्प केलं. पूर्ण शांतता होईपर्यंत थांबले आणि पुन्हा म्हटलं, "सात."

माझ्या मुलीच्या चेहऱ्यावरचं हसू थोडं हललं. "आई," ती म्हणाली, मराठीत, माझ्याकडे बघून, "हजर म्हटलं की मी."

मी तिला म्हणू शकत होते, तू गप्प बस. एकदाच, अजून एकदा पुकारते, तू बोलू नकोस. दोन शब्दांचं काम होतं. पण ज्या शब्दासाठी मी तिला दोन वर्षं धारेवर धरलं होतं तो तिनं नुकताच मला दिला होता, आणि तो परत घे असं म्हणायला माझी जीभ उचलली नाही. मी वहीत सातसमोर 'ह' लिहिलं. अक्षर वाकडं आलं.

"आठ," मी म्हटलं.

फटीत उजेडाची पट्टी उमटली. पलीकडे कोणीतरी उठलं होतं.

बाईंनी मला दोष दिला नाही, हे वाईट झालं. दिला असता तर मी भांडले असते. वर्ग सुटल्यावर त्यांनी शांतपणे सांगितलं, की पहिल्या सातला आईची पाठ ताठ झाली, बोट वर आलं, तोंडही उघडलं. मग पलीकडून दुसऱ्याच मुलीनं उत्तर दिलं. आईनं थोडा वेळ ऐकलं आणि बोट खाली घेतलं. दुसऱ्या सातला तिनं नुसतं भिंतीकडे पाहिलं, आपल्या जागेवर कोण बसलंय ते बघावं तसं.

घरी जाताना मी मुलीला सगळं सांगितलं. भूत नव्हतं, आजी होती, वगैरे. तिनं ते शांतपणे ऐकलं. घर आल्यावर, गाडी बंद केल्यावर तिनं विचारलं, "डिड आय टेक हर टर्न?"

"नाही गं," मी म्हटलं. ते खोटं होतं आणि ते तिला कळलं.

त्यानंतर चार रविवार आम्ही प्रयत्न केला. मी सात म्हणायचे, मुलगी ओठ घट्ट मिटून बसायची, बाराच्या बारा पोरं श्वास रोखायची, आणि भिंतीपलीकडून फक्त हीटरची कुरकुर यायची. आधी आवाज यायचा म्हणून भीती वाटायची. आता येत नाही म्हणून ती खोली मला नकोशी झाली. पाचव्या रविवारी अरबीचा वर्ग भरलाच नाही. आजींना न्यूमोनिया झाला होता. त्या ज्या वॉर्डात होत्या तिथलीच औषधं मी खाली भरत होते, हे मला लेबलवरचं ते छोटं नाव आणि जन्मतारीख वाचल्यावर कळलं. ऑगस्टमध्ये त्या गेल्या.

अरबीच्या बाई परत आल्या तेव्हा दिवस थोडे मोठे झाले होते. त्या दिवशी आम्ही लवकर कुलूप काढलं होतं; सव्वा वाजता, आमचा वर्ग भरायच्या आधी, त्या खजूर भरलेल्या बिस्किटांचा डबा घेऊन आमच्या बाजूला आल्या. मुलगी खुर्च्या मांडत होती. बाईंनी डबा ठेवला आणि मला विचारलं, "ती कशी म्हणायची? मुलगा म्हणतो तसं, की मुलगी म्हणते तसं? आमच्यात मुलगी असेल तर शेवटी आ लागतो. इथली मुलं तो खातात. आईनं लावला होता का?"

मी आठवायचा प्रयत्न केला. सात-आठ रविवार तो आवाज मी ऐकला होता. एकदा तर समोर उभं राहून. आणि मला सांगता येईना. मला 'हजर' ऐकू आलं होतं. माझ्या पुण्याच्या शाळेतलं, माझं हजर. त्या बाईच्या तोंडून काय निघत होतं, ते माझ्या कानांनी एकदाही ऐकलं नव्हतं. मी "हजर" असं म्हणून पाहिलं, मग "हाजिर," मग नुसतीच उभी राहिले. बाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"नॉट लाइक दॅट, आई," मुलगी खुर्ची खाली ठेवत म्हणाली.

मग तिनं तो अर्धा श्वास घेतला आणि म्हणून दाखवलं. ह घशाच्या तळातून आलेला, मधलं अक्षर ज आणि द यांच्यामधलं कुठलं तरी जाड, आणि शेवटी छोटासा, वर उचललेला आ. तो आवाज माझ्या मुलीचा नव्हता. बाईंनी खुर्चीची पाठ घट्ट धरली. 

"पुन्हा," त्या म्हणाल्या.

मुलीनं मान हलवली. "आधी हाक मारावी लागते," ती म्हणाली. मराठीत म्हणाली, हे मला रात्री अंथरुणावर पडल्यावर लक्षात आलं. मग आम्हाला काही न विचारता ती दारातून पलीकडच्या खोलीत गेली. फटीत उजेड आला. खुर्ची सरकवल्याचा आवाज आला, आणि मग काहीच नाही.

आम्ही दोघी भिंतीजवळ उभ्या होतो.  मला कळलं की त्या दिवा विझायची वाट बघताहेत. नऊ वर्षांची पोर जेवणाच्या टेबलावर दोन मिनिटं स्थिर बसत नाही, असं मी तिच्याबद्दल जगभर सांगत असते. पाच मिनिटं गेली. फट काळी झाली.

मी वही उघडली. सात म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात बाईंनी माझ्या दंडावर हात ठेवला आणि नाही अशी मान हलवली. आईला नावानं हाक आपल्यात कोणी मारत नाही, त्यांच्यातही मारत नाहीत. त्यांनी आवाज खाकरून साफ केला, वर्गात उभ्या असाव्यात तशा उभ्या राहिल्या, आणि भिंतीकडे तोंड करून आपल्या आईचं नाव पुकारलं.

पलीकडे अर्धा श्वास ऐकू आला. मग तो शब्द, शेवटच्या 'आ'सकट.

तिकडे माझी मुलगी आहे हे मला माहीत होतं. मी तिला आत जाताना पाहिलं होतं. तरी मी खाली वाकले आणि फटीतून पाहिलं. खुर्चीचे चार पाय दिसत होते. माणसाचे पाय नव्हते.